वरचे कार्ड, खालचे कार्ड

सुज्ञ वाचकहो, मी प्रस्तुत लेखनात एका मंगळवारची हकिकत अत्यंत गांभीर्याने निवेदन करणार आहे. त्या दिवशी आमच्या ग्रंथालयाच्या नूतन संगणकप्रणालीने चारशे बारा निरपराध वाचकांना परस्परांच्या घरात नेऊन बसवले, आणि त्या घोळाचे मूळ दुसरे-तिसरे कोणी नसून मीच होतो. माझे शिक्षण आठवीत थांबले. तथापि गेली बेचाळीस वर्षे माझे दोन्ही हात ग्रंथांत असल्याने भाषेचा थोडाफार संस्कार मजवर झालेला आहे. चुकेल ते माझे, साधेल ते ग्रंथांचे, असे समजून वाचावे.

मंगळवारी सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी माझ्या खिशातील फोन थरथरला. मी त्या वेळी एका जाडजूड शब्दकोशाच्या पाठीला सरस लावीत होतो. फोनवर अक्षरे उमटली होती ती अशी: 'आपले खाते कुटुंबखात्यात वर्ग झाले आहे. आपण: कुटुंबप्रमुख. अवलंबित सदस्य: एक.' आणि त्याखाली, माझ्या डोळ्यांना आधी खरेच वाटेना, माझ्या थोरल्या भावाचे नाव. सरसाचा ब्रश माझ्या हातातच राहिला व त्यातून एक थेंब शब्दकोशावर पडला. तो मी अंगठ्याने पुसला खरा, परंतु माझ्या छातीत जे काही पडले ते पुसता आले नाही. कारण असाच संदेश, शब्दांची अदलाबदल होऊन, त्याच क्षणी दादांच्या फोनवरही पोचला असणार. जो भाऊ माझ्याशी अकरा वर्षे बोललेला नाही, आणि जो मजपेक्षा तेरा वर्षांनी मोठा आहे, त्याला एका यंत्राने कळवले होते की तो माझ्यावर अवलंबून आहे.

हे कसे घडले ते सांगणे अवश्य आहे. आमच्याकडे आजवर वाचकांची कार्डे लाकडी खणांत असत. काही वाचक स्वतः येत नाहीत, त्यांची पुस्तके दुसरा कोणी नेतो. अशांची कार्डे मी पुस्तकबांधणीच्या पांढऱ्या दोऱ्याने एकत्र बांधीत असे. पुस्तके नेणाऱ्याचे कार्ड वर, ज्याच्यासाठी न्यायची त्याचे खाली. यावरूनच मला सारे वाचक 'दोरेवाले' म्हणू लागले. माझ्या या दोऱ्यांत नात्यागोत्याचा काहीही संबंध नव्हता. इस्त्रीवाल्याच्या कार्डाखाली निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचे कार्ड होते, कारण कपड्यांच्या गाठोड्याबरोबर तो त्यांची पुस्तकेही पोचवी. एका खोलीत राहणाऱ्या दोन परिचारिका होत्या, त्यांच्यात ज्या आठवड्यात जिची दिवसपाळी तिचे कार्ड वर. त्याआधीच्या सोमवारी संगणकाचे काम करणारी ताई हे खण उपसू लागली, तेव्हा तिने सहज विचारले, "दोरेवाले काका, हे बांधलेले गठ्ठे काय आहेत? एकेका घरचे का?" आणि मी, वाचकहो, म्हणालो, "तसंच समजा." ती पुढे म्हणाली, "आणि वर असतं ते कार्ड कोणाचं?" मी म्हणालो, "ज्याच्या हातात असतं त्याचं." मला यापेक्षा अधिक स्पष्ट सांगता आले असते. मी सांगितले नाही. कारण त्या गठ्ठ्यांतच माझ्या कार्डाखाली बांधलेले दादांचे कार्ड होते, व स्पष्टीकरणास एकदा आरंभ केला की ते त्या गठ्ठ्यापर्यंत येऊन थांबेल हे मी जाणून होतो.

साडेदहापर्यंत दारात गर्दी झाली. मुख्याध्यापिकाबाई स्वतः आल्या, आणि त्यांच्या मागे तीन पावले सोडून, मान खाली घालून इस्त्रीवाला. बाईंनी फोन टेबलावर असा ठेवला की जणू नापास झालेली उत्तरपत्रिका. "मी चाळीस वर्षं शाळा चालवली," त्या म्हणाल्या, "आणि आता हे माझे कुटुंबप्रमुख." इस्त्रीवाला म्हणाला, "बाई, माझी काही चूक नाही. मी घरी दाखवलं तर बायको हसून हसून जमिनीवर बसली. म्हणाली, प्रमुख म्हणे, आधी टीव्हीचा रिमोट मिळवून दाखवा." यावर बाईंनाही हसू आवरले नाही. आमच्या ग्रंथपालबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी दुपारी दोन वाजता वाचनकक्षाच्या मोठ्या टेबलाशी सभा ठरवली. विषय एकच: खाती तर जोडलेली राहणार, मग त्या जोडणीला म्हणायचे काय. "आणि दोरेवाले, तुम्ही बसा," त्या मला म्हणाल्या. "तुम्हाला जो शब्द कळेल तो सगळ्यांना कळेल." हे मी बहुमान म्हणून घेतले, कारण तो त्यांनी त्याच भावनेने दिला होता.

वाचकहो, त्या सभेत माझा देह खुर्चीवर होता, परंतु माझे मन एका खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेल्या चहाच्या पेल्यापाशी घोटाळत होते. तो पेला अकरा वर्षांपूर्वीचा. दादा भूमापन कार्यालयात नकाशे काढीत, आणि त्यांच्या निवृत्तीच्या निरोप समारंभास मी नवा शर्ट घालून गेलो होतो. भाषण करता करता दादांनी माझ्याकडे बोट दाखवले व म्हणाले, "हा माझा धाकटा. याला मी नोकरीला लावलं. आजही माझ्या आधाराशिवाय याचं पान हलत नाही." लोकांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. काही जणांनी वळून माझे पान हलते की काय तेही पाहिले. मी चहाचा पेला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, तो नीट बसला आहे याची खात्री केली, आणि निघून आलो. त्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो नाही व ते ग्रंथालयात आले नाहीत. आता सांगण्यासारखी लाजिरवाणी गोष्ट अशी की, दादा जे बोलले ते खरे होते. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा व ते बावीसचे. माझा डबा ते भरीत, माझ्या वह्यांना कव्हर ते घालीत, आणि मी आठवी सोडली त्या दिवशी ते मला एक शब्दही न बोलता हाताला धरून ग्रंथालयात घेऊन आले व तत्कालीन ग्रंथपालांस म्हणाले, "शाळेत बसत नाही, तर निदान पुस्तकांत उभा राहील." खऱ्या गोष्टीचा राग अधिक काळ टिकतो, असा माझा स्वतःपुरता अनुभव आहे.

"पालक आणि पाल्य ठेवू या का?" ग्रंथपालबाईंनी विचारले. संगणकताई म्हणाली की पासष्ट वर्षांच्या आजी जर पंचवीस वर्षांच्या शेजारणीच्या पाल्य झाल्या तर उद्या पुन्हा हीच गर्दी. मग कोणी म्हणाले, 'जामीनदार' हा कायदेशीर शब्द आहे. "म्हणजे मी जामिनावर सुटले आहे का?" मुख्याध्यापिकाबाईंनी विचारले. 'मुख्य सदस्य' व 'उपसदस्य' असेही निघाले. त्यावर इस्त्रीवाल्याने, त्याला सभेत बसवून घेतले होते, हळूच सांगितले की 'उप' लागले की माणसाला खुर्ची मिळते पण टेबल मिळत नाही. दोन परिचारिकांपैकी थोरली दिवसपाळी संपवून आली होती. ती म्हणाली, "मागच्या वेळी अर्जात नातं विचारलं होतं. आम्ही रिकामं सोडलं, तर कारकुनाने स्वतःच 'बहिणी' लिहिलं. आम्ही बहिणी नाही. कोण आहोत ते तुमच्या कपाटाला कशाला हवंय? पुस्तकं वेळेवर येतात ना?" ग्रंथपालबाईंनी आपल्या वहीत 'नाते' हा शब्द लिहून त्यावर शांतपणे आडवी रेघ मारली, आणि मला त्यांच्याविषयी फार आदर वाटला.

याच वेळी माझा फोन पुन्हा थरथरला. वहिनींचा संदेश होता: 'भावोजी, यांनी चपला घातल्या. तुमच्याकडे निघालेत. काही बोलले नाहीत. मी काहीच सांगितलं नाही, पण त्यांनी विचारलंही नाही.' दादांच्या घरापासून ग्रंथालय वीस मिनिटांवर आहे, आणि त्यांचा उजवा गुडघा लक्षात घेता चाळीस मिनिटांवर. ती चाळीस मिनिटे मी ज्या अवस्थेत काढली तिचे वर्णन करण्याइतकी माझी विद्या नाही. पण भीती कसली होती ते सांगतो. निवृत्तीनंतर दोन महिन्यांनी वहिनी आमच्या ग्रंथालयाच्या खिडकीशी आल्या होत्या. म्हणाल्या, "भावोजी, दिवसभर घरात येरझारा घालतात. स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर लेबलं लावून झाली, आता फळ्यांची मापं घेतायत. काहीतरी वाचायला द्या. तुम्ही दिलं म्हणून सांगणार नाही." त्या दिवसापासून दर पंधरा दिवसांनी, गुरुवारी, दादांची दोन पुस्तके मी निवडतो. वहिनी सभासद नाहीत. "मला कशाला, यांचंच उरलंसुरलं वाचते," असे त्या म्हणतात. म्हणून दादांच्या कार्डावर मी माझे कार्ड ठेवून दोरा बांधला. अकरा वर्षांत अडीचशेपेक्षा जास्त गुरुवार झाले. पुस्तक परत आले की मी ते आधी उघडून पाहतो, कारण दादा नकाशा दिसला की स्वस्थ बसत नाहीत. नदीचे वळण चुकले असेल तर समासात पेन्सिलीने बारीक बाण असतो. एके ठिकाणी लिहिले होते, 'या प्रमाणाने हे गाव समुद्रात पडेल.' नियमानुसार या खुणा मला खोडाव्या लागतात. मी त्या दोनदा वाचून मग खोडतो. आमच्या दोघांत तेवढाच पत्रव्यवहार उरला होता, आणि तोही दादांना ठाऊक नव्हता. आता दोरा उघडा पडला होता. दादांनी येऊन 'हे कार्ड सोडवा' एवढे म्हटले असते, तर नियमाने मला स्वतःच्या हाताने ते सोडवावे लागले असते, आणि मग पुढच्या गुरुवारी माझ्याजवळ निवडायला काही राहिले नसते.

"काका, तुम्ही गप्प का?" संगणकताईने विचारले. "गठ्ठे तुम्ही बांधलेत. तुम्ही मनात काय म्हणत होता त्यांना?" मी म्हणालो, "काहीच म्हणत नव्हतो, ताई. दोरा बांधत होतो." ती म्हणाली, "पण वर-खाली तर होतं ना?" मी म्हणालो, "ते खणात ठेवण्यापुरतं. हातात घेऊन गठ्ठा उलटा धरला की खालचं वर येतं. दोरा तोच राहतो." ताईने वही पुढे ओढली. नंतर तिने स्वतःशीच मान हलवून लिहायला सुरुवात केली. म्हणाली, यंत्राला पहिला कोण, दुसरा कोण, याने काही फरक पडत नाही, फरक पडतो तो पडदा वाचणाऱ्याला. मग प्रत्येकाच्या पडद्यावर दुसऱ्याचे नाव दिसेल, कोणी प्रमुख नाही, कोणी अवलंबित नाही, नाते विचारायचेच नाही. वर फक्त 'सोबतचे वाचक', आणि खाली एक चौकोन: 'हे माझी पुस्तके नेऊ शकतात.' ज्याचे त्याने ठरवायचे, मान्य किंवा नको. मुख्याध्यापिकाबाईंनी 'सोबतचे वाचक' हे शब्द दोनदा उच्चारून पाहिले, जसे काही पदार्थाला मीठ बरोबर आहे का ते बघतात, आणि इस्त्रीवाल्याला म्हणाल्या, "चालेल. सोबत तर आहेच."

पावणेचार वाजता दादा आले. मी त्यांना अकरा वर्षांनी इतक्या जवळून पाहत होतो. केस विरळ झालेले, परंतु शर्टाच्या खिशाला पूर्वीप्रमाणेच दोन पेन्सिली, टोके वर करून. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. सरळ टेबलाशी आले व ग्रंथपालबाईंना म्हणाले, "अवलंबित मीच."

"क्षमा करा, ती आमची चूक आहे," बाई म्हणाल्या. "तो शब्द आम्ही आत्ताच काढला."

"शब्दाचं राहू द्या. मला एक सांगा, या गठ्ठ्यात माझं कार्ड याच्या कार्डाखाली किती वर्षं आहे?"

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "अकरा, दादा."

"म्हणजे पुस्तकं तू निवडायचास."

"हो."

"ती नाही."

"वहिनी फक्त पिशवी आणायच्या."

दादांनी खुर्ची ओढली, गुडघा दोन्ही हातांनी धरून बसले, आणि खिशातून चौपदरी घडी केलेला एक कागद काढला. मला वाटले, सभासदत्व रद्द करण्याचा अर्ज. त्यांनी घडी उलगडली. "ते बर्फातल्या प्रवासाचं पुस्तक," ते वाचू लागले. "सहाशे बारा पानं. चारशेव्या पानावर त्यांना कळतं की आपण चुकीच्या दिशेला चाललोय. मला पहिल्या नकाशावरच कळलं होतं. दोनशे दिवस त्या माणसांनी आणि मी हाल काढले. मी तिला म्हणालो, तुला पुस्तकातलं काही कळत नाही. तिने मुकाट ऐकून घेतलं. ते तुझ्यासाठी होतं."

"हो, दादा."

"ती रहस्यकथा. खुनी माळी होता. दहाव्या पानावर बाग आहे आणि बागेचा आराखडा आहे. फाटक दाखवलंच नाही, मग तो बाहेर पडला कुठून? तेही तिने ऐकलं. घे."

"घेतलं."

"आणि मधमाश्यांचं."

"ते नाही आवडलं?"

"आवडलं. म्हणून तर विचारतो. दुसरा भाग का आणला नाहीस? शेवटी 'भाग पहिला समाप्त' असं लिहिलं होतं. मी दोन वर्षं तिच्या मागे लागलोय."

"दुसरा भाग निघालाच नाही, दादा. लेखक वारले."

दादांनी कागदावर ती ओळ शोधली. "मग तसं कळवायचं," ते म्हणाले. "माणूस वाट बघतो." त्यांनी पेन्सिलीने त्या ओळीवर बारीक फुली केली. कागदावर अजून पुष्कळ ओळी होत्या. चाळीस मिनिटांच्या वाटेआधी बसून त्यांनी अकरा वर्षांच्या तक्रारी पुन्हा आठवून लिहून काढल्या होत्या, या वेळी योग्य पत्त्यावर. मुख्याध्यापिकाबाई कपाटांकडे पाहण्याच्या मिषाने उठल्या. इस्त्रीवाला मात्र बसूनच राहिला, त्याला उत्तम ऐकू येत होते.

मग माझ्या तोंडून अनाहूतपणे निघून गेले, "दादा, तेव्हा तुम्ही भाषणात तसं का बोललात?" वास्तविक हा प्रश्न मी मनात इतक्या वेळा व इतक्या भारदस्त शब्दांत रचला होता की तो असा उघडाबोडका बाहेर पडल्याचे मला वाईट वाटले. दादांनी घडी पुन्हा घातली. "भाषण मी पाठ केलं होतं," ते म्हणाले. "त्यात ते वाक्य नव्हतं."

"मग?"

"टाळ्या पडत नव्हत्या." त्यांनी कागद खिशात ठेवला. "एकोणचाळीस वर्षं नकाशे काढले. कोणाला काही सांगण्यासारखं वाटेना. तू समोर उभा होतास, नव्या शर्टात. मला वाटलं, हे तरी मी केलं." नंतर त्यांनी संगणकताईकडे वळून अगदी कार्यालयीन आवाजात विचारले, "आता काय करायचं असतं?"

ताईने पडदा त्यांच्याकडे फिरवला. त्यावर 'सोबतचे वाचक' असे होते, खाली माझे नाव, आणि दोन चौकोन, मान्य व नको. दादांनी चष्मा कपाळावर सारून पडद्याला नाक लागेपर्यंत जवळ जाऊन पाहिले. "यात वर कोण?"

"कोणीच नाही, काका. तुमच्या पडद्यावर त्यांचं नाव दिसतं, त्यांच्या पडद्यावर तुमचं."

"म्हणजे याने माझ्यासाठी न्यायचं, तसं मीही याच्यासाठी नेऊ शकतो?"

"दोघांनी मान्य केलं तर, हो."

"निवडूही शकतो?"

"निवडायला यंत्राची हरकत नाही."

दादांचे बोट त्या दोन चौकोनांच्या मध्ये हवेत राहिले. त्या बोटाला अजूनही शाईचा जुना डाग होता की मला तसा भास झाला, हे मी निश्चयाने सांगू शकत नाही. मला एवढेच आठवते की माझ्या दोन्ही हातांचे तळवे टेबलाच्या लाकडाला चिकटले होते, आणि दोरा ओढून गाठ मारताना श्वास रोखावा तसा मी तो रोखला होता. दादांनी 'मान्य' वर बोट टेकवले. एकदा टेकवून न भागल्यासारखे पुन्हा टेकवले. ताई म्हणाली, "झालं, काका, एकदाच पुरतं." तिने पडदा माझ्याकडे फिरवला, आणि मीही केले.

यानंतर दादा उठले व कपाटांत गेले. जाताना म्हणाले, "आठवी सोडलीस तेव्हाच हे करायला हवं होतं. तुला पुस्तकांत आणून सोडलं, पण कोणतं वाच ते सांगितलं नाही." पंधरा मिनिटांनी ते एक ग्रंथ छातीशी धरून परतले. तो भूमापनाच्या मूलतत्त्वांवरचा असून पाचशे चाळीस पृष्ठांचा आहे. त्याची पाठ मीच तीन वेळा शिवलेली आहे, परंतु आत काय आहे हे मी आजवर कधी पाहिले नव्हते. "बाई," दादा ग्रंथपालबाईंना म्हणाले, "याचं वाचून झाल्याशिवाय परत घेऊ नका. आणि मला मधमाश्यांवर दुसऱ्या कोणाचं असेल तर द्या. वारलेला नको."

आज या घटनेस तीन आठवडे झाले. चारशे बारा वाचकांपैकी नऊ जणांनी 'नको' म्हटले, बाकी सोबत आहेत. मी त्या ग्रंथाच्या एकाहत्तराव्या पृष्ठावर आहे. पुष्कळसे डोक्यावरून जाते, व समासात काही लिहिण्याचे अजून धैर्य होत नाही. परंतु जमीन मोजावयाची साखळी एकट्या माणसास धरता येत नाही, दोन टोकांना दोघे लागतात, आणि पुढे चालणाऱ्याने मधून मधून वळून मागच्याकडे पाहायचे असते, एवढे मला नीट समजले आहे. गुरुवारी दादा येणार आहेत, ते या प्रकरणावर प्रश्न विचारणार आहेत, तेव्हा येथेच थांबून अभ्यासाला लागतो.

माझे हे वेडेवाकुडे अक्षर शेवटपर्यंत ज्यांनी सांभाळून घेतले त्या सर्व वाचकांचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
दोरेवाले